सीक्वेन्स मोठा की कलर?

मी कॅरमचा स्ट्रायकर बोलतोय. पण कॅरमबद्दल मला फारसं सांगायचं नाही. माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट पत्त्यांच्या डावात घडली, आणि तिथे मला कुणी साधी टिचकीही मारली नाही.

माझा जन्म मेरठचा. खेळाचं सामान बनवणाऱ्या एका कारखान्यात मला गोल कापलं, घासलं आणि माझ्या पाठीवर लाल फूल कोरलं. झाशीच्या सदर बाजारातून सरलाताईंनी मला विकत घेतलं. त्यांनी दुकानातले सगळे स्ट्रायकर काउंटरवर सरकवून पाहिले होते. दुकानदार वैतागून म्हणाला, "बहनजी, शादी थोड़े ही करनी है इससे." त्या हसल्या आणि मला उचललं.

रविवारी दुपारी सरलाताई, त्यांचे यजमान विद्याधर आणि मुलगी कमलिनी खेळायला बसायची. हरेल त्याने चहा करायचा. चहा नेहमी विद्याधरच करायचे. पुढे एका पावसाळ्यात बोर्ड फुगला, सोंगट्या हरवल्या आणि मी शिलाई मशीनच्या खणात जाऊन पडलो. वर्षं गेली. मला त्याचं काही वाटलं नाही. प्लास्टिकला वाटत नाही.

मग एका ज्येष्ठात तापाचं निमित्त होऊन सरलाताई गेल्या. माणसं आली, बसली, गेली. त्यानंतर घरात दोघंच उरली आणि दोघंही बोलेनाशी झाली. विद्याधर ऑफिसातून येत, चपला काढत, पंख्याखाली बसत. कमलिनी इलाइट चौराह्याजवळच्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची. ती येई, दोन ताटं वाढी. भांड्यांचा तेवढा आवाज.

एक दिवस बटण लावायला दोरा शोधताना तिच्या हाताला मी लागलो. तिने मला बराच वेळ तळहातावर धरलं. मग पत्त्यांचा जोड काढला आणि वडिलांसमोर जाऊन बसली.

"बाबा, पोकरमधलं होल्डेम शिकवते. हॉस्टेलला खेळायचो आम्ही."

विद्याधर नको म्हणाले नाहीत. हो म्हणायलाही त्यांना जमलं नसतं. ती पत्ते वाटू लागली.

खेळ असा. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते झाकलेले. मध्ये पाच पत्ते हळूहळू उघडतात, ते सगळ्यांचे. या सातातून ज्याचे पाच भारी, तो जिंकला. पत्ते वाटल्यावर आणि दर वेळी मधले उघडल्यावर बोलीची एक फेरी होते: लावायचं, समोरच्याची बोली जुळवायची, नाहीतर पत्ते टाकायचे. हवं तेव्हा समोरचं सगळं लावता येतं, मर्यादा नाही. आणि वाटणी कुणाची आहे याची खूण म्हणून एक चकती लागते, ती मी. डाव संपला की मी एक जागा पुढे सरकतो. ज्याच्यासमोर मी असतो, त्याला पहिल्या फेरीनंतर सगळ्यात शेवटी बोलायला मिळतं. इतरांनी काय केलं ते बघून ठरवायचं, एवढी मोठी सोय या खेळात दुसरी नाही. म्हणून मी समोर असताना साधारण पत्त्यांवरही खेळावं आणि दूर असताना बरे पत्तेसुद्धा टाकावेत.

हे सगळं मला तिच्या तोंडून कळलं. ती वडिलांना सांगायची, "टाका ते. गुलाम आणि तिर्री, काय जमणार त्याचं?" किंवा, "बाबा, सुरुवातीला घाई नको. टूर्नामेंटमध्ये बाहेर गेलेल्याला परत बसता येत नाही." किंवा, "आता थोडेच उरलेत ना तुमच्याकडे? मग भीक घातल्यासारखे दोन दोन लावू नका. बरा पत्ता दिसला की सगळे लावा. थांबत राहिलात तर न खेळताच संपाल."

विद्याधर मान डोलवायचे आणि पत्ते टाकायचे. पण कशाहून काय मोठं ते त्यांना पाठ झालं होतं. जोडी, दोन जोड्या, तिकडी, सीक्वेन्स म्हणजे ओळीने पाच, त्याच्यावर कलर म्हणजे एकाच चिन्हाचे पाच. तीन पत्तीत उलटं असतं, तिथे सीक्वेन्स कलरच्या वर. ती विचारायची आणि ते शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवायचे. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्या घरात झालेलं संभाषण जवळजवळ एवढंच.

दिवाळी आली. वर्षाच्या आतलं दुःख, म्हणून आकाशकंदील नाही, तळण नाही. शेजारच्यांनी फराळ आणून दिला. भाऊबीजेला विद्याधरांचे थोरले बंधू भाऊसाहेब चिरगाँवहून बसने आले, सोबत पुष्पाकाकू आणि मुलगा श्रीकृष्ण. भाऊसाहेब निवृत्त हेडमास्तर. दारातून आत येतानासुद्धा हजेरी घेतल्यासारखे बघतात.

या घराण्यात एक रीत आहे. भाऊबीजेच्या दुपारी पत्ते खेळायचे आणि जो जिंकेल त्याला एक 'शब्द' मिळतो. तो जे मागेल ते घरच्यांनी मोडायचं नाही. एकदा पुष्पाकाकू जिंकल्या होत्या. त्यांनी मागितलं की यजमानांनी वर्षभर जेवताना पेपर वाचायचा नाही, आणि भाऊसाहेबांनी ते पाळलं होतं.

यंदा शब्द कशासाठी मागायचा हे खेळाआधीच ठरलेलं होतं. आईबापांपैकी कुणी गेलं तर मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असा नियम भाऊसाहेबांना प्राणापेक्षा प्रिय. ग्वाल्हेरचं स्थळ त्यांनी मनात पक्कं केलं होतं.

"मी जिंकलो तर मार्गशीर्षात बार उडवायचा," ते चकली मोडत म्हणाले.

"आणि मी जिंकले," कमलिनी म्हणाली, "तर आईच्या वर्षश्राद्धापर्यंत हा विषय नाही."

"म्हणजे पुढची तीन वर्षं गेली!"

"तो नियम तुमचाच आहे, काका."

श्रीकृष्ण फिस्सकन हसला आणि बापाने बघताच गप्प झाला.

"आणि तीन पत्ती नाही. होल्डेम खेळायचं. मी नियम सांगते."

"सांग, सांग. पत्ते तर तेच बावन्न ना भई?"

तिने नियम सांगितले. कलर सीक्वेन्सपेक्षा मोठा, हे तिने दोनदा सांगितलं. विद्याधर शेजारी बसून मान डोलवत होते. भाऊसाहेब चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. माझा अनुभव असा आहे की मोठी माणसं नियम ऐकत नाहीत. नियम लहानांसाठी असतात, हे त्यांना कुठेतरी लहानपणीच कळलेलं असतं.

प्रत्येकाला सारखे चिंचोके आणि राजमा मिळाला. एक राजमा म्हणजे दहा चिंचोके. माझ्या डावीकडच्या दोघांनी पत्ते बघायच्या आधीच सक्तीची बोली लावायची, आणि दर चहाला ती बोली दुप्पट. त्या घरात पाहुणे असले की चहा काही थांबत नाही, त्यामुळे खेळ लवकर तापला.

विद्याधर सगळ्यात आधी बाहेर गेले. वाईट पत्त्यांमुळे नाही. ते प्रत्येक डाव टाकत गेले आणि सक्तीच्या बोलीनेच त्यांना संपवलं. कमलिनीने त्यांच्याकडे पाहिलं.

पुष्पाकाकूंना राणी सोडवत नसे. "मला बाई राणी आली की टाकवतच नाही." एक राणी कशासाठीही धरून ठेवायची नसते, पण कोण ऐकतं? त्या राणीपायीच गेल्या आणि उठताना म्हणाल्या, "चला, मी चहा टाकते." श्रीकृष्ण दर डावात सगळं पुढे ढकलायचा. भीती दाखवणं कधीकधीच चालतं. रोज दाखवली तर समोरचा फक्त बरे पत्ते यायची वाट बघतो. कमलिनीने वाट बघितली. दश्शीच्या जोडीवर तिने त्याला बाहेर काढलं.

"दीदी, आप तो जल्लाद हो."

"पाणी आण मला," ती म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं. सकाळपासून नव्हतं.

उरले दोघं. भाऊसाहेब पत्ते न बघता खेळत होते. तीन पत्तीत न बघता खेळणाऱ्याला अर्धीच बोली लावावी लागते आणि वर रुबाब असतो. इथे त्याचा काडीचा उपयोग नाही, पण त्यांची मान ताठ होती. कमलिनीचे चिंचोके त्यांच्याहून थोडे जास्त होते. दोघंच उरल्यावर पत्त्यांची फार चिकित्सा करायची नसते, समोरच्या माणसाची करायची असते. ती तेच करत होती.

मी तिच्यासमोर होतो तेव्हा तिला इस्पिक एक्का आणि इस्पिक राजा आला. तिने बोली वाढवली. भाऊसाहेबांनी न बघताच जुळवली. मध्ये तीन पत्ते उघडले. इस्पिक नव्वी, इस्पिक पंजी, बदाम अठ्ठी. भाऊसाहेबांनी पाळी सोडली, तिने पुन्हा लावलं. आता मात्र भाऊसाहेबांनी आपले पत्ते उचलून पाहिले आणि जुळवलं. चौथा पत्ता चौकट सत्ती. त्यांनी मुद्दाम थोडंसं लावलं, गळ टाकल्यासारखं. ती ओळखून होती, तरी थोडक्यात पुढचा पत्ता दिसतोय म्हणून तिने जुळवलं. पाचवा पत्ता इस्पिक दुर्री.

भाऊसाहेबांनी या वेळी पाळी सोडली. तिने सगळे चिंचोके पुढे सरकवले.

"आलीस ना!" भाऊसाहेबांनी मांडीवर थाप मारली, सगळं जुळवलं आणि पत्ते उघडे टाकले. गुलाम, दश्शी. "सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम. सीक्वेन्स!"

तिने आपले पत्ते उघडले. "कलर. एक्क्याचा."

"हो, कलर आहे छान. पण सीक्वेन्स मोठा." दोन्ही हातांनी ते चिंचोके ओढू लागले.

"काका, सुरुवातीलाच सांगितलं होतं."

"अगं, तुझ्या जन्माआधीपासून पत्ते खेळतोय मी! सीक्वेन्स कलरच्या वर असतो. कुणालाही विचार."

"पापा, इसमें कलर..." श्रीकृष्णाने तोंड उघडलं.

"तू चूप बैठ!"

पुष्पाकाकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भांडता कशाला? भावजींना विचारा. ते रोज खेळतात तिच्याशी."

सगळ्यांनी विद्याधरांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते. कमलिनीने पाहिलं नाही. ती मधल्या पाच पत्त्यांकडे बघत राहिली. तिला खात्री असावी.

"बोल, विद्याधर."

विद्याधरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. ज्याला शेवटी बोलायला मिळतं त्याचा फायदा असतो, असं मी वर म्हणालो. ते पत्त्यांपुरतंच खरं असावं.

"दादा म्हणतात तर..." ते म्हणाले. "घरात आजवर सीक्वेन्सच मोठा धरलाय."

भाऊसाहेबांपेक्षा जास्तीचे होते तेवढे थोडे चिंचोके कमलिनीकडे उरले होते. ते तिने स्वतःच भाऊसाहेबांच्या ढिगात सरकवले, पत्ते गोळा केले, जोड जुळवून पेटीत घातला.

"मागा तुमचा शब्द," ती म्हणाली.

"ग्वाल्हेरच्यांना तुळशीच्या लग्नानंतर बोलावतो. मार्गशीर्षात लग्न."

"नाही."

"नाही म्हणजे? शब्द मोडणार? या घरात आजवर कुणी..."

"मी मोडतेय. चहा घ्या, गार होईल."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या मुलीला समजावता येतं. भाऊसाहेब ओरडले. मग पुष्पाकाकूंनी पिशव्या भरल्या आणि ते शेवटच्या बसच्या आधीच निघून गेले.

ग्वाल्हेरची मंडळी खरंच आली. कमलिनी त्या वेळी क्लासला होती आणि तिने तास सोडला नाही. मंडळी वाट बघून परत गेली, पुन्हा आली नाहीत. मार्गशीर्ष गेला. ज्येष्ठात वर्षश्राद्ध झालं. भाऊसाहेब आले, जेवले, तिच्या हातून पाणीसुद्धा घेतलं नाही. नियमाप्रमाणे आता तीन वर्षं कुणी विषय काढणार नाही. म्हणजे तिला हवं होतं ते मिळालं. पण जिंकल्यासारखं काही त्या घरात दिसत नाही. दोन ताटं, भांड्यांचा आवाज, पंखा.

मी आता तिच्या खिडकीत आहे. वाऱ्याने उघडझाप होऊ नये म्हणून ती मला फटीत अडकवते.

परवा संध्याकाळी विद्याधर तिच्या खोलीच्या दारात आले. हातात पत्त्यांचा जोड होता. आत यावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"कमू, बसायचं का थोडा वेळ?"

ती वह्या तपासत होती. "काम आहे."

ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "कलरच मोठा होता. मला माहीत होतं."

"मला माहीत आहे, तुम्हाला माहीत होतं ते," ती म्हणाली. लाल पेन थांबलं नाही. "मीच शिकवलं होतं, बाबा."

ते गेले. पत्ते टेबलाच्या कडेवर ठेवून गेले. तिने ते उचललेही नाहीत, सारलेही नाहीत.

वाचकहो, मला हात नाहीत, तोंड नाही, मी कुठल्याच डावात काही करू शकलो नाही. तुम्ही करू शकता. खेळायला बसण्याआधी एक विचारून घ्या, वाद झाला तर निवाडा कोण करणार? त्या माणसाची मान कुणापुढे वाकते ते बघा, आपले पत्ते नंतर बघा. आणि तो निवाडा करणारा माणूस तुम्हीच असलात, सगळे तुमच्याकडे बघत असले, आणि एक मुलगी बघत नसली, तर कृपा करून तिथेच, त्याच क्षणी, जे माहीत आहे ते सांगून टाका.