डावखुऱ्या हिरोचा वाद

बारामतीत भिगवण रोडवर ‘तांबोळी कुशन’मध्ये मोटरसायकलचं सीट शिवायला टाकलं, की ते होईपर्यंत गिऱ्हाइकाला सिकंदरभाईंची सिनेमावरची मतं फुकट मिळत. ज्याला ती नको असतील त्यानं खुशाल निघून जावं. पण सीट काढलेल्या गाडीवरून माणूस जाणार कुठं? बसायचे बिचारे बाकड्यावर.

मतं ठाम असत. “हल्लीच्या पिक्चरात अंधार लई. हिरो रडतोय का जेवतोय, पत्ता लागत न्हाय,” सिकंदरभाई मशीनवरून मान न उचलता सांगत. “आन् व्हिलन बघा. आधी व्हिलन नुसता वाईट असायचा. आता त्याला कारण असतं. त्याचं लहानपण दाखवत्यात, त्याच्या आईचे हाल दाखवत्यात, इंटरव्हलपत्तर आपल्यालाच त्याची दया येती. मग हिरोनं मारायचं कुणाला? आपल्याला?”

मराठी सिनेमालाही सूट नव्हती. “प्रत्येक मराठी पिक्चर आता घारीसारखा वरनं सुरू हुतो. उसाचा फड आभाळातनं दिसला की समजायचं, खाली कुणाचातरी बाप रागावून बसलाय.”

आणि रिमेक हा तर त्यांच्या धंद्यातलाच विषय. “रिमेक म्हंजी सीटचं कव्हर बदलणं. आधी आतला फोम दाबून बघायचा. तो बसला असंल, तर वरनं कितीबी भारी रेक्झिन घाला, बसणाऱ्याला हाडं लागणारच.”

ही मतं तयार व्हायची ती शनिवारच्या दुपारच्या खेळाला, नीळकंठरावांच्या शेजारच्या खुर्चीत. नीळकंठराव म्हणजे कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेले सद्गृहस्थ. सिकंदरभाईंना जे आवडेल ते त्यांना आवडत नसे, आणि या एका गुणावर दोघांची मैत्री वीस-बावीस वर्षं टिकली होती. सिनेमा संपला की चहा, आणि चहा सिनेमापेक्षा लांबायचा. पण गेल्या दिवाळीनंतर मुलगा मिहिर येऊन नीळकंठरावांना पुण्याला घेऊन गेला. सून अश्लेषा स्वभावानं चांगली, फ्लॅट हवेशीर, खाली बाग. नावं ठेवायला जागाच नाही म्हणून नीळकंठराव फोनवर हळहळत.

इकडे सिकंदरभाई एकदा एकटेच सिनेमाला गेले. सिनेमा बरा होता, पण बाहेर आल्यावर मत सांगायला माणूस मिळेना. शेवटी पार्किंगवाल्याला गाठून म्हणाले, “सेकंड हाफ जरा वढलाय, न्हाय?” तो म्हणाला, “चाचा, गाडी काढा, मागं लाइन लागलीय.” त्या दिवसापासून त्यांनी थिएटरची वाट सोडली. दुकानातली मतंही शिळी होत चालली. दोन-तीन गिऱ्हाइकांनी तर चक्क, “व्हय, हे मागच्या सर्विसिंगला सांगितलंवतं,” असं तोंडावर सांगितलं.

अशात ‘नऊ काडतुसं’चा रिमेक आला.

मूळ ‘नऊ काडतुसं’ हा सिकंदरभाईंच्या जवानीतला सिनेमा. तो त्यांनी निरवांगीच्या जत्रेत, तंबूत पाहिला होता. दौलत नावाचा शिकारी, त्याच्याकडे नऊ काडतुसं, गावात बरोबर नऊ हरामखोर. हिशेब सोपा, सिनेमा फक्कड. आता त्याच नावापुढे ‘रीलोडेड’ असं इंग्रजी शेपूट लावून तो पुन्हा आला होता. काडतुसांच्या सिनेमाला हे नाव शोभतं, एवढं सिकंदरभाईंनी पोस्टर बघूनच मान्य केलं. नीळकंठराव खास पुण्याहून येणार म्हणून त्यांनी फोनवर दोन सीटं बुक केली. शनिवारी सकाळी नीळकंठरावांचा फोन आला. गुडघा सुजलाय, अश्लेषा जाऊ देत नाही.

सिकंदरभाईंनी दुकानातल्या कारागिराला, अबरारला, विचारलं. त्याच्याकडे ट्रॅक्टरची सीटं साठली होती. मुलगी इफ्फत पुण्यात, तिच्या दातांच्या दवाखान्यात. सिकंदरभाई जेवायला घरी आले ते तोंड पाडूनच. जरिनाबी मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी येते.”

सिकंदरभाईंच्या हातातला घास तिथंच थांबला.

कारण असं की जरिनाबी सिनेमाला जात नसत. पस्तीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्या वर्षी गेल्या होत्या. बारामतीच्या थिएटरातून बाहेर पडताना, दीर-जावांच्या घोळक्यात, त्या नव्या नवरीच्या धिटाईनं म्हणाल्या होत्या, “आमच्या जत्रेतला ‘नऊ काडतुसं’ ह्याच्यापेक्षा भारी व्हता. डावखुरा हिरो, काय नेम त्याचा!”

“डावखुरा?” सिकंदरभाई सगळ्यांदेखत खो-खो हसले होते. “अगं, त्याच जत्रंत मी बघितलाय. उजव्या हातानं मारतोय की! ह्या बायकांना पिक्चरमधलं काय कळतंय?” सगळे हसले. त्यानंतर कधी विचारलं की जरिनाबी म्हणायच्या, मला सिनेमा आवडत नाही. पण हिरो डावखुरा, हे मात्र त्यांनी कधीच मागं घेतलं नाही. इफ्फत लहानपणी डाव्या हातानं पेन्सिल धरायला लागली, तेव्हा सिकंदरभाईंची अम्मी तिला ओरडायची. जरिनाबी मध्ये पडून म्हणायच्या, “असू द्या की अम्मी. जेवायचं तेवढं उजव्या हातानं शिकवते. बाकी ‘नऊ काडतुसं’तला दौलत डावखुराच व्हता, काय अडलं त्याचं?” आतल्या खोलीतून सिकंदरभाई ओरडायचे, “उजवा व्हता, उजवा!” तो वाद असा पोरीबरोबर वाढला. पोरगी दातांची डॉक्टर झाली आणि डाव्या हातानं लोकांच्या दाढा काढू लागली, तरी तो मिटला नाही.

आज तो मिटणार होता, तेही पन्नास फुटी पडद्यावर. खरं तर सिकंदरभाईंना आनंद व्हायला हवा होता. पण स्कूटर थिएटरकडे वळवताना त्यांनी वेगळाच हिशेब मांडला. आज बायको हरली, की पुन्हा पस्तीस वर्षं यायची नाही. आणि तेवढी वर्षं आता कुणाच्याच हातात नव्हती. आज तिला सिनेमा आवडला, तर मात्र शनिवारचा प्रश्न कायमचा सुटत होता.

सिनेमा सुरू झाला. सुरुवातीलाच उसाचा फड, वरून. सिकंदरभाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. नंतर अंधार. अंधारात दाढीवाला दौलत आला. त्याच्या समोरचे हरामखोरही दाढीवाले, त्यामुळं कोण कुणाला शोधतंय ते समजायला वेळ लागला. एकदाचं त्यानं पहिलं काडतूस भरलं, बंदूक उचलली आणि उजव्या खांद्याला लावली.

“चुकलं ह्येंचं,” जरिनाबी शांतपणे म्हणाल्या. “डाव्या पायजे.”

इतक्या वर्षांचा विजय सिकंदरभाईंच्या ओठांवर येऊन उभा होता. तो त्यांनी पर्समधल्या चिवड्याच्या घासाबरोबर गिळला. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी, म्हणून जरिनाबींनी तो लपवून आणला होता. दारावरच्या पोरानं पर्स उघडायला सांगितली तेव्हा, “बाळा, आईच्या पर्शीत हात घालतोस व्हय?” एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

इंटरव्हल झाला. लाइट लागले. सिकंदरभाई अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, “तंबूत बसलीवतीस कुठं तू?”

“कुठं म्हंजी? बायकांत. पडद्याच्या पल्याड.”

सिकंदरभाई पडद्याकडे बघत राहिले. तंबू त्यांच्या डोळ्यांपुढे आला. मधोमध पांढऱ्या कापडाचा पडदा. अलीकडे मशीन आणि पुरुष. पलीकडे, पडद्याच्या मागच्या बाजूला, बायका आणि पोरंबाळं. चित्र कापडातून आरपार दिसायचं, दोन्हीकडं तिकीट खपायचं. पडद्यापलीकडून बांगड्यांचे आणि हसण्याचे आवाज यायचे. तिकडं कोण बसलंय या विचारात अर्धी पुरुषमंडळी सिनेमा सोडून द्यायची. पण तिकडून काय दिसतं, हा विचार कुणी केला नव्हता.

सीटच्या कव्हरची उजवी कळी, म्हणजे बाजूची पट्टी, कापायची आणि रेक्झिन उलटं टाकून त्याच साच्यावर डावी कापायची, हे सिकंदरभाई रोज करत. नवा कारागीर पहिल्या आठवड्यात दोन्ही एकाच बाजूच्या कापून ठेवतो आणि शिव्या खातो. मागून बघितलं की उजवं ते डावं. एवढं ज्ञान असलेल्या माणसाला घरातला हिशेब कळायला इतकी वर्षं लागली होती. बायको खोटं बोलत नव्हती, विसरलीही नव्हती. तिनं जे पाहिलं तेच ती सांगत होती, आणि आपण तिला घोळक्यात हसलो होतो.

आता सांगावं तर आपण जिंकतो. न सांगावं तर खोटेपणा होतो. सिकंदरभाई उरलेला सिनेमा गप्प बसून पाहत होते. हे इतकं अजब होतं की जरिनाबींनी दोनदा वाकून त्यांना झोप लागली का ते बघितलं.

सिनेमा अचानकच संपला. दौलतनं सहा माणसं मारली, डोंगरावर उभा राहिला, हातातली उरलेली तीन काडतुसं बघितली, आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘भाग दोनमध्ये’. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, त्या कौतुकाच्या का रागाच्या हे त्यांनाही माहीत नसावं.

बाहेर येतात तोवर नीळकंठरावांचा फोन. गर्दीत ऐकू येईना म्हणून सिकंदरभाईंनी स्पीकर लावला.

“काय रे सिकंदर, कसा आहे? फोम बसलाय का?”

“नीळकंठराव, बाकी ठीक हाय,” सिकंदरभाईंनी एकदा जरिनाबींकडे पाहिलं आणि घसा साफ केला. “पण रिमेकवाल्यांनी मूळ पिक्चर बघितलेला दिसत न्हाय. दौलत डावखुरा पायजे व्हता. ह्येंनी उजवा केलाय. सगळी मजाच गेली.”

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग नीळकंठराव म्हणाले, “डावखुरा? अरे, गेली वीस वर्षं तू मला उजवा म्हणून सांगतोयस. वहिनींच्या नावानं हसतोस. बरं नाही का तुला?”

“तवा मी नीट बघितला नव्हता,” सिकंदरभाई म्हणाले आणि फोन ठेवला. समीक्षक म्हणून कमावलेली इभ्रत भर पार्किंगात गेली होती.

जरिनाबी स्कूटरवर मागं बसल्या. तीन हत्ती चौक येईपर्यंत उरलेला चिवडा खात राहिल्या. मग सिकंदरभाईंच्या कानाशी येऊन म्हणाल्या, “खोटं बोलायला जमत न्हाय तुमाला. कान लाल हुत्यात.”

“कसलं खोटं?”

“दौलत उजवाच व्हता. पिक्चर संपल्यावर ‘समाप्त’ आलं ना, तेबी मला उलटंच दिसलं. तुमी हसलासा तवा ते आठवलं, आन् कळलं की. सातवी पास हाय मी.”

सिकंदरभाईंनी स्कूटर कडेला घेतली. मागचा टेम्पो हॉर्न वाजवत, काहीबाही बोलत पुढे गेला. “मग पस्तीस वर्षं भांडलीस कशाला?”

“पैलं तुमी हसलासा म्हणून. मग पोरगी डावखुरी निघाली. अम्मी तिच्या हातावर चापट्या मारायच्या. म्हणलं, दौलत डावखुराच ऱ्हाऊ द्या. अम्मीनंबी तो तंबूत बायकांतच बसून बघितलावता. त्येंनाबी डावखुराच दिसलावता. दौलतचं नाव काढलं की गप हुयाच्या. आन् तुमी आतनं ‘उजवा, उजवा’ करत बसायचा. पोरीसाठी म्हणून तरी एकदा हरायचं व्हतं.”

सिकंदरभाईंनी स्वतःचं मत न देता दुसऱ्याचं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच. स्कूटर पुन्हा सुरू करत म्हणाले, “पिक्चर कसा वाटला?”

आणि जरिनाबी सुरू झाल्या. हिरॉइनला एक गाणं देऊन परत पाठवलीय, ती काय पाहुणी होती का? व्हिलनचं काम चांगलं होतं, पण मरताना एवढं भाषण कोण करतं? दौलतची दाढी पहिल्या मारामारीत आखूड आणि तिसऱ्यात लांब होती, मध्ये एकच रात्र गेली होती. आणि घरात एवढा अंधार, तर त्या घरातली बाई भाकऱ्या कशावर थापत होती? स्कूटर घरापाशी येऊन उभी राहिली तरी त्यांचा इंटरव्हलनंतरचा भाग चालूच होता. सिकंदरभाईंनी दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांना “थांबा वो जरा” असं ऐकावं लागलं.

कुलूप काढता काढता जरिनाबी थांबल्या. “उरलेली तीन काडतुसं कधी यायची?”

“फुडच्या वर्षी म्हणत्यात.”

“एवढं लांब?” त्यांनी दार ढकललं. “मग तवर शनिवारी काय बघायचं?”