बेचकीवाल्यांचं चित्र

१९७३चा मार्च. बिरोबाच्या देवळापुढं सगळं गाव उन्हात उभं होतं, आणि दुष्काळी कामावरचा मुकादम रिकाम्या चराच्या काठावर एकटाच बसला होता. गावाला त्या दिवशी खडी फोडायची गरज उरली नव्हती. सोनं सापडणार होतं.

देवळाच्या पायरीवर चौकटीत बसवलेलं एक चित्र ठेवलं होतं. शेजारी सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेले धातुभास्कर त्र्यंबकबुवा.

"पाहा, हे चारशे वर्षांपूर्वीचं जर्मनीतलं चित्र," बुवा म्हणाले. "डोंगरात हिंडणाऱ्या या माणसांच्या हातात काय आहे? बेचकी, दोन फाट्यांची काडी. हिनं त्यांना जमिनीच्या पोटातली चांदी दाखवली. साहेब लोकांनी मान्य केलेलं शास्त्र आहे हे. त्यात मी पायाळू. पायांकडून जन्मलो, म्हणून भूमी माझ्यापासून काही लपवत नाही."

"सायबाचं चित्र हाय म्हंजे खोटं कसं आसंल," आमचे पुढारी दादासो पुटपुटले. गावात त्यांच्या शब्दाला मान होता, विचार करण्याची सवय मात्र नव्हती.

दोन दिवसांपूर्वी बुवांची बेचकी हरणाबाईच्या घरामागं झुकली होती. तिचा नवरा बिराप्पा मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला. भिंतीखाली मोहरांचा हंडा आहे, असं बुवांनी सांगितलं आणि त्या बाईनं स्वतःच्या हातांनी मागची भिंत पाडली. खाली मुरूम निघाला. हंडा खाली सरकला, असं बुवांचं निदान. आता सोन्यानंच सोनं वर ओढायचं. त्यासाठी ती आईची बोरमाळ घेऊन आली होती. तिच्या घरात सोनं तेवढंच.

"बेचकीला बांधून मंत्र घालतो, माई," बुवा म्हणाले. "मग पिवळ्या फडक्यात गुंडाळून तुलाच परत देतो. एकवीस दिवस गाठ सोडायची नाही."

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. चित्र दिसलं की नीट पाहायचं, ही माझी सवय. मी पायरीवर बसलो आणि पाहत राहिलो.

"बुवा, यात बेचकीवाले तिघं आहेत," मी म्हणालो. "एक झाडाची फांदी तोडतोय, दोघं हिंडताहेत. तिघांच्याही पायाशी काही नाही. धातूचे दगड आहेत ते इकडं, चर खणणाऱ्याच्या पाटीत. त्याच्या हातात कुदळ आहे."

लोक वाकून पाहू लागले.

"व्हय की," हरणाबाई म्हणाली. "बेचकीवाल्याकडं तर कायच न्हाई."

"चित्रकारानं जे दिसलं ते काढलं," मी म्हणालो. "लोक बेचकी घेऊन हिंडत, एवढंच यातून कळतं. मी वर्गात पंखांचा घोडा काढतो, म्हणून तो मिरजेच्या बाजारात विकायला येत नाही."

"नास्तिकांना चित्रातला अर्थ दिसत नसतो," बुवा म्हणाले.

तेवढ्यात लालासाहेब पुढं आला. पलटणीत सुरुंग शोधणारा हवालदार. एकाहत्तरच्या लढाईत पायाची दोन बोटं गेली, तेव्हापासून गावातच होता.

"आमी सुरुंग हुडकायचो ते गुडघ्यावर रांगत, वीत वीत जमीन टोचून," तो म्हणाला. "काडीनं धातू कळत आसता, तर माजी बोटं जाग्यावर आसती. बुवा, जरा देवळामागं थांबा."

त्यानं दहा बुट्ट्या उपड्या घातल्या आणि एकीखाली हरणाबाईची बोरमाळ ठेवली. बुवा आले. बेचकी थरथरली आणि तिसऱ्या बुट्टीवर झुकली. लालासाहेबानं बुट्टी उचलली. माती. मग सातव्या बुट्टीवर झुकली. तिथंही माती. बोरमाळ निघाली ती नवव्या बुट्टीखाली.

"पाखंड्याची सावली पडली," बुवा म्हणाले.

मी बेचकी हरणाबाईच्या हातात दिली. तळवे वर, फाटे ताणून धरायला सांगितले. "आता मनगटं किंचित आत वळवा."

बेचकीनं जमिनीकडं मान टाकली. हरणाबाईनं मनगटं सरळ केली, बेचकी वर आली. पुन्हा वळवली, पुन्हा झुकली.

"म्हंजे मीच वाकवली," ती हळू म्हणाली. "ह्येच्यापायी मी भित पाडली."

बुवा झोळी उचलून निघाले. लालासाहेबानं ती काढून घेऊन पायरीवर रिकामी केली. पिवळ्या फडक्यांच्या चार पुरचुंड्या पडल्या, गाठी आधीच मारलेल्या. प्रत्येकीत पितळी मण्यांची माळ. अशीच एखादी हरणाबाईच्या हातात आली असती, आणि एकवीस दिवसांत बुवा कुठल्या कुठं पोचले असते. दादासोंनी मान खाली घातली. बुवांना आम्ही चौकीवर पोचवलं.

भिंत मात्र पडलेलीच होती. ती रचायला आम्हाला चार दिवस लागले. बिराप्पा परतला तेव्हा हरणाबाईनं काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. तो महिनाभर तिच्याशी बोलला नाही. बुवांची शिक्षा याहून लवकर संपली.

वाचकहो, काडीला अक्कल नसते, ती धरणाऱ्याला असते. चित्र जुनं असो, परदेशी असो, त्यातल्या माणसांचा समज आपण का उसना घ्यावा? कुणी चमत्कार दाखवू लागला तर त्याला एवढंच म्हणा: आम्ही लपवतो, तू शोध. खरं असेल त्याला या परीक्षेचं भय नाही. आणि परीक्षा आधी घ्या, भिंत पाडायच्या आधी.