वरच्या पायरीचे दोन इंच

गावातल्या साठीपुढच्या सगळ्यांना नर्सबाईंनी शाळेच्या पटांगणात बोलावलं आणि एका पायावर उभं राहायला सांगितलं. दहा सेकंद टिकला तो पास. शिंपी तिसऱ्याच सेकंदाला न्हाव्याच्या खांद्यावर आला आणि आपण नेहमी असंच उभं राहतो म्हणाला. मिस्त्री मात्र बावीस सेकंद खांबासारखा उभा राहिला. सत्तरीत भाव खायची संधी पुन्हा कधी मिळणार, म्हणून त्याने पाय जरा उशिराच टेकला.

मग नर्सबाईंनी वहीतून वाचून दाखवलं. वर्षभरात नऊ जण पडले होते, त्यातले सात आपल्याच दारापुढच्या सगळ्यात वरच्या पायरीवर. या पायऱ्या कोणी बांधल्या, असं त्यांनी सहज विचारलं. सगळं गाव आभाळाकडे बघू लागलं. आभाळात काही नव्हतं.

मिस्त्रीला टेप लागत नाही, अशी त्याची ख्याती होती. खालपासून वितीने मोजत तो पायऱ्या चढवत न्यायचा आणि उरेल ती उंची वरच्या पायरीच्या गळ्यात मारायचा. चाळीस वर्षांत तक्रार आली नव्हती. पडलेल्यांपैकी कोणाला म्हणे चक्कर आली होती, कोणाची चप्पल झिजली होती. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून लोक खोटं बोलत आले, हे कळल्यावर त्याला फारच वाईट वाटलं.

घरी येऊन त्याने जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या पायऱ्यांना टेप लावला. वरची बाकीच्यांपेक्षा दोन इंच उंच निघाली. तेव्हा त्याला बायकोचं मनगट आठवलं. अकरा वर्षांपूर्वी मोडलेलं, अजूनही नीट न वळणारं. अंगणात घसरले, असं ती तेव्हा म्हणाली होती.

तो छिन्नी-हातोडा घेऊन पायरीशी बसला. पहिला घाव घालणार, तोच बायको दारात आली.

"तू अंगणात पडली नव्हतीस ना?" त्याने विचारलं.

"नाही. आणि त्या पायरीला हात लावू नका."

"का?"

"अकरा वर्षं माझा पाय तिथे आपोआप जास्त उचलला जातो. आता सारखी केलीत तर मी नक्की पडेन."

मिस्त्रीने हातोडा खाली ठेवला. मग कठडा कोणत्या बाजूला बसवू, एवढंच त्याने विचारलं. चांगल्या हाताच्या, ती म्हणाली.

लोखंडी पाइपची उंची त्याने टेपने तीनदा मोजली. चार दिवसांनी सिमेंट घट्ट झालं, तेव्हा ती कठडा धरून चढली आणि वरच्या पायरीवर पाय दोन इंच जास्त उचलून आत गेली. मिस्त्रीला ते बघवेना आणि नजरही हलवता येईना.