बिनपंखी फुलकिडा

सासरेबुवांनी नोकरीच्या बत्तीस वर्षांत एकच जात शोधली, आणि ती कशी शोधली हे ऐकवण्यात निवृत्तीची सगळी वर्षं सत्कारणी लावली. वाळवंटातल्या झुडपावरचा फुलकिडा, तिळाहून बारीक, आणि बिनपंखी! घरी चहाला आलेला माणूस त्या किड्याच्या मिशांचे आठही सांधे ऐकल्याशिवाय सुटत नसे. जावई तर हल्ली दारातूनच खुशाली विचारून सटकायचे.

सूनबाई त्यांच्याच जुन्या कीटकशास्त्र खात्यात लागली आणि नेमकं फुलकिड्यांची यादी तपासायचं काम तिच्या गळ्यात पडलं. तिने वाळवंटातून आणलेली एक बिनपंखी मादी डहाळीसकट काचेच्या नळीत ठेवली. पिल्लं झाली, सगळी बिनपंखी. पुढे गर्दी वाढली, डहाळी सुकली, आणि त्याच मादीच्या नातवंडांना चक्क पंख फुटले. हा पंखवाला तर शंभर वर्षांपूर्वीच वेगळं नाव मिळवून यादीत बसलेला! म्हणजे सासरेबुवांची जात वेगळी नव्हतीच. खाऊनपिऊन सुखी, उडायची गरजच न पडलेला तोच तो किडा होता.

यादी शुक्रवारी छापायला जायची होती. नाव खोडलं तर म्हाताऱ्याची जन्माची कमाई जाणार, आणि ठेवलं तर तिच्या सहीने खोटं छापलं जाणार. तिला रडू यायचं बाकी होतं. नवरा म्हणाला, "राहू दे की. वाळवंटात जाऊन कोण बघतंय?" संशोधनाबद्दलचा इतका मोलाचा सल्ला त्याने फुकटात दिला.

गुरुवारी सकाळी तिने धीर केला. "बाबा, तुमच्या किड्याला पंख येतात."

सासरेबुवांनी तोंडासमोरचा पेपर हलवलासुद्धा नाही. "कपाटात तिसरा खण. डावीकडची काचपट्टी."

तिने ती काढून भिंगाखाली धरली. चिठ्ठीवर त्यांचंच अक्षर, तेच झुडूप, पहिला किडा पकडला तीच तारीख. आणि किड्याला पंख.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच डबीत होता. छापून आल्यावर महिन्याभरात दिसला."

आता मात्र तिचं डोकं फिरलं. "मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"हार घालायला अख्खं खातं आलं होतं," पेपरामागून आवाज आला. "किडा बघायला कोणी मागितला नाही. तू पहिली."

तिने काचपट्टी जपून टेबलावर ठेवली.

"नाव खोड," ते म्हणाले. "पण पुरावा म्हणून माझीच पट्टी लाव. निदान तिथे तरी मी बरोबर निघू दे."