ओल्या भिंतीतला दादा

कारखान्याच्या भिंतीसमोर दोनशे माणसं श्वास रोखून उभी होती. पाणीवाले बाबा पुढे आले, काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी तांब्यातलं पाणी भिंतीवर मारलं. तिथल्या पांढऱ्या पडलेल्या चित्रातून चेहरे वर येऊ लागले. कारखान्याला लागलेल्या आगीत गेलेले अठरा कामगार.

"आत्मे तहानलेले असतात," बाबा म्हणाले. "पाणी दिलं की भेटतात. तासाभरात जातात, तिकडेही हजेरी असते त्यांना."

वारल्यावरही हजेरी सुटत नाही म्हणजे कमाल आहे. पण हसलं कुणीच नाही.

मी रंगारी. हे चित्र दुरुस्त करायला कामगार समितीनं मलाच बोलावलेलं. दुसऱ्या रांगेतला तिसरा चेहरा माझ्या दादाचा. घरात त्याचा एकही फोटो नाही. तरी मला काही वाटलं नाही. आगीपासून कशाचंच काही वाटत नाही.

वहिनी मात्र रोज येऊन बाबांकडून भिंतीवर पाणी मारून घ्यायच्या. "भावजी, काम थांबवा. ब्रश लागला तर ते कायमचे जातील, बाबा म्हणतात." समितीनंही मान डोलावली. मी ब्रश धुऊन ठेवले आणि गप्प बसलो.

खरं तर ही विद्या बाबांना मीच दिलेली. पहिल्या दिवशी जुन्या रेषा दिसाव्यात म्हणून मी भिंत ओली केली होती. आम्ही रंगारी करतोच तसं. हे गृहस्थ बाकावर चहा पीत होते. "कसं काय हो हे?" म्हणाले, आणि मी शहाण्यासारखं सगळं समजावलं.

पंधराव्या दिवशी भिंतीखाली रंगाच्या खपल्या दिसल्या. मग मात्र मी सगळ्यांदेखत संडासाच्या नळावरून बादली भरून आणली आणि भिंतीवर थोडं पाणी शिंपडलं. चेहरे आले.

"वाट मी मोकळी केलीय, म्हणून आले," बाबा म्हणाले.

"भिंतीतल्या ओलीनं क्षार वर येतो, त्याची पांढरी साय धरते," मी लोकांना सांगितलं. "भिजली की सायीतून आरपार दिसतं, वाळली की पुन्हा पांढरी. आणि दर वेळी क्षार फुगून रंग सोडवतो." मी खपली वहिनींच्या तळहातावर ठेवली. "हा दादाचा गाल."

वहिनींनी खपली बोटानं उलटून पाहिली. "म्हणजे रोज मीच..." त्यांनी बाबांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि जमिनीवर उपडा केला. बाबा निघून गेले.

"भावजी, गाल परत काढता येईल?"

"मला नीट आठवत नाही, वहिनी."

"मला आठवतो. मी सांगते, तुम्ही काढा."

तसं आता चाललंय. तुम्हाला सांगणं एवढंच, कुणी चमत्कार दाखवला की त्याच दिवशी स्वतः करून बघा. ज्याला कारण माहीत आहे, त्यानं तर गप्प बसूच नये. मी पंधरा दिवस गप्प बसलो, आणि दादाचा खरा गाल तेवढ्यात गेला.