चेष्टा म्हणजे काय

वृंदा बर्वे दोन वर्षं फरीदाबादच्या पुढच्या एका कॉलेजात साहित्य आणि सर्जनशील लेखन शिकत होती, आणि या दोन वर्षांत तिच्या बाबांनी तिची एक ओळही वाचली नव्हती. हॉस्टेलवर सोडायला यायचे, डबा द्यायचे, पण गोष्ट पुढे केली की "अच्छा, नंतर बघतो" म्हणून चष्मा शोधायला लागायचे, मग तो नाकावर का असेना. केंद्र सरकारच्या कचेरीत उभा जन्म गेलेल्या माणसाला गोष्टींचं काय, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. समजूत घातली म्हणून दुखायचं थांबतं थोडंच!

अशात हेमलता मॅडमनी वर्गाला अनुवादाचं काम दिलं. घरच्या भाषेतलं एखादं जुनं पत्र आणायचं आणि इंग्रजीत करायचं. आईनं कपाटातल्या फायलीतून एक अंतर्देशीय पत्र काढून दिलं. बाबा दिल्लीला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीनं, प्रभाआत्यानं, पुण्याहून पाठवलेलं. वृंदाला घबाडच सापडलं. बाबा कविता करायचे! 'त्या गणपतीत सगळ्यांसमोर मी तुझ्या कवितांची चेष्टा केली,' आत्यानं लिहिलं होतं. 'तेव्हापासून तू एक ओळही लिहिली नाहीस, असं आई म्हणते. मला फार वाईट वाटतं.'

आता दिल्लीत वाढलेल्या मुलीला चेष्टा म्हणजे काय वाटणार? शाळेत हिंदीच्या बाईंनी घोकून घेतलं होतं, चेष्टा म्हणजे प्रयत्न. तिनं बेधडक लिहून टाकलं की बहिणीनं भावाच्या कविता सगळ्यांसमोर म्हणायचा प्रयत्न केला. मग भाऊ लिहायचा का थांबला? यावर वर्गात तासभर काथ्याकूट झाला. कविता दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याला त्या पूर्ण झाल्यासारख्या वाटल्या असाव्यात, असा वृंदानं निकाल दिला. वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि मॅडमनी कॉलेजच्या वार्षिक वाचनाच्या कार्यक्रमासाठी तिचाच अनुवाद निवडला. अट एकच, पत्र ज्याचं त्याची परवानगी हवी.

शनिवारी दुपारी ती मेट्रोनं करोल बागेत घरी आली. "बाबा, हे तुमचं पत्र आहे, त्यामुळे आज ऐकावंच लागेल," असं म्हणून तिनं अनुवाद वाचायला घेतला. बाबा मन लावून ऐकत होते. त्या ओळीपाशी त्यांनी हात वर केला.

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"मूळ शब्द काय आहे?"

"चेष्टा. म्हणजे कोशिश ना?"

"अगं, ते हिंदीत." बाबा म्हणाले. "आपल्यात चेष्टा म्हणजे थट्टा. ताईनं माझी वही पळवली आणि गणपतीच्या कार्यक्रमात नकला करत कविता वाचल्या. सगळी आळी पोट धरून हसली. ती वाईट नव्हती गं. एकोणीस वर्षांची होती आणि तिला टाळ्या मिळत होत्या."

वृंदाला वर्गातल्या टाळ्या आठवल्या आणि तिचे कान तापले. "मी मॅडमना सांगते. वाचनातून नाव काढून घेते."

"कशाला? वाच की. फक्त शब्द बरोबर घाल."

"सगळ्यांना कळेल, बाबा."

"कळू दे. अडतीस वर्षं झाली त्याला, यार."

पुढचं विचारायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण तोंडून निघून गेलंच. "म्हणून माझं काही वाचत नाही का तुम्ही? लिहिण्याचाच राग बसला म्हणून?"

"राग कसला?" बाबांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "भीती वाटते मला. तुझं वाचताना मी भलत्याच ठिकाणी हसलो, आणि तू लिहायची थांबलीस तर?"

वृंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं ती या माणसावर रुसून बसली होती, आणि तो बापडा आपलं हसू सांभाळत होता. तिनं नाक पुसलं आणि बॅगेतून स्वतःची गोष्ट काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"यात दोन ठिकाणी हसायचंच आहे, बाबा," ती म्हणाली. "नाही हसलात तर मी नापास."