जिन्याकडे उघडणारी खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. माझ्यातून आभाळ दिसत नाही, रस्ताही नाही. दिसतो तो फक्त जिना.

ही इमारत दूरदेशाहून पोटासाठी आलेल्या माणसांनी खच्चून भरलेली होती. आतल्या खोल्यांत भरदुपारीही दिवा लावावा लागे. शहरातल्या काही मंडळींनी समिती काढली, आवाज उठवला आणि कायदा झाला: प्रत्येक खोलीला खिडकी हवीच. घरमालकाने स्वस्तात काम उरकले. बाहेरची भिंत राहिली बाजूला, त्याने जिन्याची भिंत फोडली. सुताराने मोडक्या दारांच्या लाकडातून मला घडवले आणि मी एका शिंपिणीच्या आतल्या खोलीला लागले.

मला वाटले होते, माझे कौतुक होईल. पण शिंपिणीच्या सासूने चोराकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले.

"हवा कसली येतेय," ती म्हणाली. "आपल्या घरातलं ऐकायला भोक पाडलंय हे."

तिच्या संशयाला कारण होते. तिचा धाकटा मुलगा त्या खोलीत खोकत पडलेला असे. अशा माणसाला सरकारी शिपाई उचलून नेतात आणि मग तो परत येत नाही, अशी बोलवा होती. सासूने माझ्यावर जाड चादर ठोकली.

ती पाण्याला गेली, की शिंपीण चादरीचे एक टोक सोडी.

"भावोजी, बरं वाटतंय का जरा?"

"वाटतंय, वहिनी. पण आई यायच्या आत लावून टाका."

एका दुपारी टोक असेच सुटलेले असताना समितीतल्या एक बाई जिना चढून आल्या. त्यांनी माझ्यातून आत डोकावले. शिंपिणीच्या दिराने झटकन तोंडावर पांघरूण ओढले. बाईंच्या चेहऱ्यावर कळवळा दाटला. दार न वाजवताच त्या लगबगीने खाली उतरल्या.

सासूला हे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आवरा. निघायचंय."

"अहो आई, औषध आणायला गेल्या असतील त्या."

"कशावरून?"

शिंपीण बोचके बांधू लागली. बाईंचा चेहरा मी पाहिला होता, तरी 'कशावरून' ते मलाही सांगता आले नसते. दिवस मावळायच्या आत शिंपिणीच्या नवऱ्याने शिलाई मशीन खांद्यावर घेतले, तिने दिराला धरले आणि चौघे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. बरोबर डॉक्टर होते. मागे एक शिपाईही होता.

"हा कशाला?" बाईंनी विचारले.

"असा रोगी असला की शिपाई लागतोच," डॉक्टर म्हणाले. "वरून हुकूम आहे."

बाई रिकाम्या खोलीत उभ्या राहिल्या. "मी दार वाजवायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

पुढे याच बाईंनी मालकाशी भांडून मागची बाजू मोकळी करवली. खऱ्या खिडक्या आल्या, ऊन आले. माझी गरज संपली आणि रंगाच्या थरांखाली माझी झडप चिकटून गेली. आता ही जुनी इमारत पाहायला पाहुणे येतात, सुधारणेची पहिली खूण म्हणून माझ्याकडे बोट दाखवतात. त्या कौतुकावर माझा विश्वास बसत नाही. तो दीर वाचला की नाही, हे मला कुणीच सांगितलेले नाही.

मित्रांनो, कुणी माझ्या बिजागऱ्यांना तेल घातले तर मला बरे वाटेल. पण माझे मागणे वेगळे आहे. दुसऱ्याच्या घरात उजेड न्यायला निघालात, तर खिडकीतून डोकावू नका. दाराशी थांबा, आपण कोण ते सांगा आणि आतून 'या' म्हणेपर्यंत वाट पाहा.